शिसव आणि बिबळा

माणगावहून ताम्हिणीकडे चढत जाणाऱ्या घाटउतारांवरच्या पानझडी रानात वाढणारे हे दोन शेंगवर्गीय वृक्ष. दोघांनाही शास्त्रीय नाव दिले ते विल्यम रॉक्सबर्ग यांनी.

ओळख शेंगेवरून पटते. शिसवीची शेंग लांबट, चपटी, पातळ. बिबळ्याची गोल चकतीसारखी, मधोमध बी आणि भोवती वाऱ्यावर तरंगणारा पंख. तरीही शंका उरली, तर खोडावरची एखादी जुनी जखम पाहावी. बिबळ्याच्या सालीतून लाल चीक पाझरतो आणि वाळून त्याचा डिंक होतो.

लाकडाचे मोल हेच दोघांचे दुखणे. शिसवीचे जांभळट काळे लाकूड पिढ्यान्‌पिढ्या देव्हाऱ्यांत, पलंगांत, पाळण्यांत गेले. आययूसीएनच्या लाल यादीत ती ‘असुरक्षित’ आहे. जानेवारी २०१७पासून तिची सगळी डालबर्जिया प्रजातीच साइट्स कराराच्या कक्षेत आली, त्यामुळे परदेशी व्यापारावर निर्बंध आहेत.

बिबळा तुलनेने बरा, पण तोही ‘संकटासन्न’. मधुमेहावरचा उपाय म्हणून त्याच्या लाकडाचे पेले विकले जातात. मागणी थांबत नाही. महाराष्ट्राच्या १९६४च्या वृक्षतोड नियमन कायद्याच्या अनुसूचीत तो ‘बीजा’ नावाने आहे, म्हणजे खासगी जमिनीवरचे झाडही परवानगीशिवाय तोडता येत नाही. मालकी रानांच्या कोकणात ही तरतूद फार मोलाची, आणि तिची अंमलबजावणी कडकच हवी.

शिसवीच्या बाजूने एक गोष्ट आहे: ती मुळांतून फुटवे काढते. वणवा आणि चराई टळली, तर तोडलेल्या झाडाच्या आसपास नवी रोपे उभी राहू शकतात.