चौथऱ्यामागचा वस्ताद

पॉवरलिफ्टिंगची स्पर्धा प्रथमच पाहणाऱ्या प्रेक्षकाची दृष्टी साहजिकच लोखंडी बारवर आणि त्या बारखाली वाकलेल्या देहावर खिळून राहते. परंतु त्याच क्षणी चौथऱ्याच्या एका अंगाला, हातात आकड्यांचा कागद घेऊन नोंदणीच्या टेबलापाशी जो दुसरा माणूस उभा असतो, त्याच्या निर्णयावर त्या देहातील सामर्थ्याचे चीज होणार की ते वाया जाणार, हे पुष्कळ अंशी अवलंबून असते. खेळाडूला महिनोन्‌महिने घडवणारा प्रशिक्षक आणि स्पर्धेच्या दिवशी त्याची पाठराखण करणारा प्रशिक्षक या एकाच माणसाच्या दोन भूमिका असल्या, तरी दुसरीसाठी लागणारी बुद्धी निराळी आहे, आणि आपल्याकडे तिची उपेक्षा होते असे माझे स्पष्ट मत आहे.

आपल्याकडे म्हणताना वर्धा जिल्ह्यातील आर्वीचेच पाहा. हा कापसाचा, संत्र्याचा आणि गवळाऊ जातीच्या चपळ बैलांचा मुलूख. येथून वर्धा नदी ओलांडली की अमरावती जिल्हा लागतो. आणि त्या अमरावतीत वैद्य बंधूंनी १९१४ साली स्थापन केलेले हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ आहे, ज्याच्या पथकाने १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी आपले देशी खेळ जगापुढे सादर केले. म्हणजे बलोपासनेची परंपरा या परिसराला परकी नाही. तालमीत वस्तादाचा शब्द प्रमाण मानण्याची रीतही जुनीच. उणीव आहे ती तालमीबाहेर, पंचांच्या आणि नियमांच्या राज्यात, आपल्या माणसाचा कैवार घेणाऱ्या जाणकाराची.

ही उणीव किती महाग पडू शकते, हे महाराष्ट्राला १९५२ सालीच कळायला हवे होते. कराडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव हेलसिंकीला बँटमवेट गटात लढत होते. जपानच्या इशीशी झालेली दीर्घ, दमछाक करणारी कुस्ती आटोपते न आटोपते तोच त्यांना सोव्हिएत मल्लाशी लढण्यास पाचारण करण्यात आले. दोन कुस्त्यांच्या दरम्यान किमान अर्ध्या तासाची विश्रांती मिळावी असा नियम असताना, तो पुढे करून मुदत मागणारा एकही भारतीय अधिकारी त्या वेळी तेथे हजर नव्हता. थकलेले खाशाबा ती कुस्ती हरले. त्यांनी मिळवलेले कांस्यपदक स्वतंत्र भारताचे पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक ठरले, याचा अभिमान आहेच. पण नियमाचा कागद हाती घेऊन बोलणारा एक माणूस जवळ असता तर काय घडले असते, हा प्रश्न मनातून जात नाही.

पॉवरलिफ्टिंगमध्ये तर अशा माणसावाचून पाऊलही टाकता येत नाही. १९७२ साली स्थापन झालेल्या आंतरराष्ट्रीय महासंघाच्या नियमांप्रमाणे स्क्वॅट, बेंच प्रेस आणि डेडलिफ्ट या तीन प्रकारांत प्रत्येकी तीन संधी मिळतात, प्रत्येक प्रकारातील सर्वोत्तम वजनाची बेरीज होते, आणि एखाद्या प्रकारातील तिन्ही संधी फसल्या तर खेळाडू एकूण क्रमवारीतून बाद होतो. तीन पंचांपैकी दोघांचे पांढरे दिवे लागले तरच उचल ग्राह्य. मात्र मुख्य पंचाच्या हुकुमाआधी बेंचवरचा बार ढकलला, किंवा स्क्वॅटमध्ये मांडीचा वरचा भाग नितंबाच्या सांध्यापाशी गुडघ्याच्या माथ्याहून खाली गेला नाही, तर वजन कितीही सहज उचललेले असो, लाल दिवे लागतात. उचल संपल्यापासून एका मिनिटाच्या आत पुढच्या वजनाचा आकडा टेबलावर द्यावा लागतो. तो दिला नाही, तर उचल यशस्वी असल्यास आपोआप अडीच किलो वाढतात आणि अयशस्वी असल्यास तेच वजन पुन्हा माथी येते. एकदा मागितलेले वजन फसले म्हणून त्याहून कमी मागण्याची मुभा नाही.

या शेवटच्या अटीतच प्रशिक्षकाच्या शहाणपणाची खरी कसोटी आहे. पहिल्या स्क्वॅटचा आकडा वजनकाट्याच्या वेळीच द्यावा लागतो. सरावात २०० किलो पेललेला तरुण त्या दिवशी गर्दी, दिवे आणि प्रतिस्पर्धी पाहून १९५ ने आरंभ करण्याचा हट्ट धरतो. अशा वेळी ‘आधी १८० लिहू’ असे शांतपणे सांगून ते त्याच्या गळी उतरवणे, यात तो तरुण नाराज होण्याचा धोका पत्करूनही त्याचे हित पाहण्याची वृत्ती लागते. पहिली उचल अशी असावी की झोप अपुरी झाली, प्रवासाने अंग आंबले, तरी ती हमखास निघावी. कारण तिने खेळाडू स्पर्धेत टिकतो, आणि पंच आज खोलीविषयी किती काटेकोर आहेत याचाही अंदाज येतो. दुसरी उचल सरावातील उच्चांकाच्या थोडी अलीकडे, आणि नवा पल्ला गाठायचा तो तिसरीत. आर्वीसारख्या गावाहून रात्रीच्या एस.टी.ने नागपूर गाठून सकाळी वजनकाट्यावर उभ्या राहणाऱ्या मुलाच्या बाबतीत तर हा संयम दुप्पट अगत्याचा आहे. गटाच्या मर्यादेत बसण्यासाठी तो आदल्या दिवसापासून उपाशी असेल, तर वजन होताच त्याला पाणी, मीठ, केळी आणि पोटाला ओळखीचे अन्न देण्याची तजवीज प्रशिक्षकाने घरून निघतानाच करावी. वजनकाटा स्पर्धेच्या दोन तास आधी सुरू होतो, तेव्हा हाती वेळ थोडाच उरतो.

अंग तापवण्याच्या खोलीतील हिशेबही त्याचाच. प्रत्येक उचलीला साधारण एक मिनिट धरले, तर आपल्या खेळाडूच्या आधी किती नावे आहेत त्यावरून शेवटची तयारीची उचल केव्हा घ्यावी हे उलट मोजत ठरवता येते. फार लवकर घेतली तर अंग थंड पडते, उशिरा घेतली तर दम लागलेला असतानाच नाव पुकारले जाते. खेळाडूने या आकडेमोडीत मन घालू नये, म्हणूनच ती दुसऱ्याने करायची.

आणि मग डेडलिफ्ट, जेथे प्रशिक्षकाची बुद्धी सर्वाधिक उघडपणे दिसते. एक कल्पित उदाहरण घेऊ. ७४ किलो गटात आपल्या खेळाडूचे शरीराचे वजन ७३.१, प्रतिस्पर्ध्याचे ७३.९, स्क्वॅट आणि बेंचची बेरीज आपली २९०, त्याची २९७.५, दुसऱ्या डेडलिफ्टमध्ये दोघांनीही २०० किलो उचलले आहेत. प्रतिस्पर्ध्याने तिसऱ्या संधीसाठी २०५ मागितले आहेत, म्हणजे यश आले तर त्याची बेरीज ५०२.५ होईल. बेरीज समान झाल्यास हलक्या शरीराचा खेळाडू वर राहतो, म्हणून आपल्याला २१५ ची गरज नाही, २१२.५ पुरेत. फेरीत कमी वजन आधी उचलले जाते. तेव्हा प्रतिस्पर्धी आधी येतो, आणि त्याची उचल फसली तर त्याची बेरीज ४९७.५ वरच थांबते. मग २०७.५ नेही आपले काम भागते. डेडलिफ्टच्या तिसऱ्या संधीचा आकडा, आपल्या खेळाडूला त्या वजनासाठी पाचारण होण्याआधी, वरखाली दोनदा बदलण्याची सवलत नियमांनी दिलेली आहे. अन्य प्रकारांच्या तिसऱ्या संधीला ती नाही. जो प्रशिक्षक हे जाणतो तो लाल दिवे दिसताच टेबलाकडे धावतो आणि पाच किलोंचे ओझे आपल्या मुलाच्या पाठीवरून उतरवतो. जो जाणत नाही, तो जिंकता येण्याजोगी स्पर्धा हाताने घालवतो.

हे ज्ञान महागडे नाही. नियमपुस्तिका कोणालाही वाचता येते, आणि आर्वीच्या एखाद्या व्यायामशाळेत उत्तम बार नसला तरी आठवड्यातून एक संध्याकाळ लुटुपुटीची स्पर्धा भरवून, कोणी पंच, कोणी नोंदणीकार, कोणी प्रशिक्षक होऊन, घड्याळ लावून आकडे देण्याचा सराव करता येतो. वजन उचलू न शकणाऱ्या, पण आकडेमोडीत तल्लख असलेल्या मुलामुलींनाही त्यामुळे या खेळात मानाची जागा मिळेल, आणि पुढे त्यांच्यातूनच कोणी पंच होईल. तालुक्याच्या गावांतील क्रीडाशिक्षकांनी हा उपक्रम येत्या हंगामाआधीच हाती घ्यावा, अशी माझी त्यांना कळकळीची विनंती आहे.