फुटलेल्यांस सांधणाऱ्या स्त्रिया

ठाणे जिल्ह्यातील भिवंडी हे यंत्रमागांचे नगर कल्याणच्या अगदी शेजारी आहे. मे १९७० मध्ये शिवजयंतीच्या मिरवणुकीच्या वेळी तेथे दंगल उसळली. मे १९८४ मध्ये पुन्हा भडकलेली आग ठाणे, कल्याण व मुंबईपर्यंत गेली. परंतु डिसेंबर १९९२ मध्ये, बाबरी मशिदीच्या विध्वंसानंतर मुंबई जळत असताना, भिवंडी शांत राहिली. सुरेश खोपडे या पोलीस अधिकाऱ्याने उभारलेल्या मोहल्ला समित्यांना त्याचे श्रेय दिले जाते व ते यथार्थ आहे. दोन्ही समाजांची सामान्य माणसे अगोदरपासूनच एकत्र बसत असल्याने अफवा पसरण्यापूर्वी एकमेकांस विचारण्याची सोय झाली होती.

मुंबईत मात्र हे काम दंगलीनंतर करावे लागले. श्रीकृष्ण आयोगाने तेथील मृतांची संख्या ९०० नोंदविली आहे. या नगरीत मोहल्ला समित्या उभ्या राहिल्या, त्यात ज्युलिओ रिबेरो व सतीश सहानी यांच्या बरोबरीने सुशोभा बर्वे यांचा वाटा मोठा आहे. पहिली दोन नावे सर्वांच्या ओठांवर असतात. तिसरे क्वचितच घेतले जाते. पालि ब्रह्मजालसुत्तात फुटलेल्यांस जोडणाऱ्यास 'सन्धाता' म्हटले आहे. शब्द पुल्लिंगी आहे, काम तसे नाही.

तथापि स्त्री ही स्वभावतःच शांतताप्रिय असते, असे मानणे भाबडेपणाचे होय. १९९२-९३ मध्ये दंगलखोरांस साथ देणाऱ्या स्त्रियाही होत्याच. शांतता हे शिकून, संघटितपणे करावयाचे कार्य आहे.

पश्चिम आफ्रिकेतील लायबेरियात हे स्पष्ट दिसते. तेथील दीर्घ यादवीस कंटाळून २००३ मध्ये लेमा ग्बोवी यांच्या नेतृत्वाखाली ख्रिस्ती व मुस्लिम स्त्रिया पांढरी वस्त्रे नेसून मनरोव्हियाच्या मासळीबाजाराजवळ रोज उन्हात बसू लागल्या. घानातील आक्रा येथे वाटाघाटी रेंगाळल्या, तेव्हा त्यांनी सभागृहाचे दारच अडविले. ऑगस्टमध्ये करार झाला. (ग्बोवी यांना २०११ मध्ये नोबेल शांतता पुरस्काराचा मान मिळाला, तो पुढे.) करारानंतर या स्त्रिया स्वस्थ बसल्या नाहीत. त्यांनी स्त्री-मतदारांची नोंदणी करविली आणि २००५ च्या निवडणुकीत एलेन जॉन्सन सर्लीफ विजयी झाल्या. २००७ मध्ये आपल्या केंद्रीय राखीव पोलीस दलाचे महिला पथकही तेथे शांतिरक्षणास गेले व २०१६ पर्यंत एकामागून एक तुकड्या जात राहिल्या. पथक परतले, खेड्यांतील शांतिकुटींचे काम स्थानिक स्त्रियांकडेच राहिले. या कुटींत त्या घरातील मारहाणीपासून जमिनीच्या तंट्यापर्यंतची प्रकरणे ऐकून घेतात आणि दोन्ही पक्षांस समोरासमोर बसवितात.