‘ड्रग्ज कायदेशीर करावेत का?’ हा प्रश्न संशोधनात मांडायचा कसा?

सार्वजनिक धोरण, समाजशास्त्र किंवा अर्थशास्त्रात पीएचडी करू पाहणाऱ्यांच्या आराखड्यांत एक विषय दरवर्षी हमखास दिसतो: अमली पदार्थांवरची बंदी उठवावी का? विषय चांगलाच आहे. अडचण अशी की, हा प्रश्न या रूपात संशोधनाचा प्रश्नच नाही, तो वादविवाद स्पर्धेचा आहे. ‘हो’ म्हणणारा पोर्तुगालचं उदाहरण देतो, ‘नाही’ म्हणणारा ओरेगॉनचं, आणि दोघंही घरी जातात.

या लेखात मी बंदी उठवण्याच्या बाजूचा युक्तिवाद मांडणार आहे, कारण एकंदरीत मला तो पटतो. पण त्यातला कोणता भाग पुराव्यावर उभा आहे आणि कोणता अजून लटकता आहे, हेही सांगणार आहे. संशोधन करणाऱ्याला दुसरा भागच जास्त कामाचा असतो.

आधी शब्द नीट करून घेऊ. डीक्रिमिनलायझेशन म्हणजे पदार्थ बेकायदाच राहतो, फक्त स्वतःच्या वापरापुरता तो जवळ बाळगणं हा फौजदारी गुन्हा राहत नाही. विकणारा मात्र तुरुंगातच जातो. लीगलायझेशन म्हणजे उत्पादन आणि विक्रीही कायद्याच्या चौकटीत येते, दारू-तंबाखूसारखी. या दोहोंच्या मध्ये तिसरा प्रकार आहे. स्वित्झर्लंडने १९९४ पासून, इतर उपचारांनी न सुटलेल्या हेरॉइन व्यसनींना डॉक्टरांच्या देखरेखीखाली दवाखान्यातच शुद्ध हेरॉइन द्यायला सुरुवात केली आणि २००८ च्या सार्वमतात सुमारे ६८ टक्के मतदारांनी त्याला मान्यता दिली. तिथे पुरवठा कायदेशीर आहे, पण बाजार नाही, जाहिरात नाही, दुकान नाही. हे तिन्ही प्रकार ‘लिबरल धोरण’ म्हणून एकाच पोत्यात भरले की पुढचं सगळं विश्लेषण वाया जातं.

आता मूळ युक्तिवाद. मागणी टिकून असताना वस्तूवर बंदी आली की व्यवहार थांबत नाही, त्याचं स्वरूप बदलतं. उधारी बुडाली तर कोर्टात जाता येत नाही, म्हणून वसुली चाकूने होते. पुडीत काय आहे ते कोणी तपासत नाही, म्हणून विकत घेणारा दर वेळी आंधळा डोस घेतो. आणि माल लपवून न्यायचा असल्यामुळे कमी आकारात जास्त नशा देणारा पदार्थ फायद्याचा ठरतो. या शेवटच्या मुद्द्याला रिचर्ड कोवन यांनी १९८६ मध्ये ‘बंदीचा पोलादी नियम’ असं नाव दिलं. अमेरिकेत १९२० ते १९३३ या दारूबंदीच्या काळात बिअर मागे पडून कडक दारू पुढे आली, ते याचंच उदाहरण.

भारतातही असं काहीसं दिसतं. केंद्र सरकारसाठी एम्सने केलेल्या आणि २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या राष्ट्रीय पाहणीत हेरॉइन वापरणाऱ्यांचं प्रमाण (१.१४ टक्के) अफू वापरणाऱ्यांच्या (०.५२ टक्के) दुपटीहून जास्त आढळलं. २००४ च्या पाहणीत चित्र उलटं होतं, अफू पुढे होती. मोह होतो की नाही, लगेच ‘बघा, एनडीपीएस कायद्याने अफू मारली आणि हेरॉइन जन्माला घातलं’ असं लिहून टाकायचा? थांबा. २००४ ची पाहणी फक्त पुरुषांची होती, २०१९ ची सगळ्यांची. शिवाय आपण हेरॉइनच्या वाहतुकीच्या आंतरराष्ट्रीय मार्गांवर आहोत. पोलादी नियमाशी जुळणारा पुरावा आणि पोलादी नियम सिद्ध करणारा पुरावा यात फरक आहे. गाइड तुम्हाला इथेच पकडतील.

हा फरक सगळ्यात स्वच्छ दिसतो तो ओरेगॉनमध्ये, म्हणून तिथे जरा रेंगाळू.

अमेरिकेतल्या या राज्यात नोव्हेंबर २०२० मध्ये ‘मेझर ११०’ मतदानाने मंजूर झाला आणि १ फेब्रुवारी २०२१ पासून लागू झाला. कोणताही अमली पदार्थ थोड्या प्रमाणात बाळगल्यास अटक नाही, १०० डॉलरची पावती. एका हेल्पलाइनला फोन करून आरोग्य तपासणी करून घेतली तर तीही माफ. गांजावरच्या कराचा पैसा उपचारांकडे वळवायचा होता, पण तो यायला फार उशीर झाला. दरम्यान ओव्हरडोसचे मृत्यू झपाट्याने वाढले, लोक वैतागले आणि १ सप्टेंबर २०२४ पासून अमली पदार्थ बाळगणं पुन्हा गुन्हा झालं.

मग या कायद्यामुळे माणसं मेली का? २०२३ मध्ये ‘जर्नल ऑफ हेल्थ इकॉनॉमिक्स’मध्ये नोआ स्पेन्सर यांचा शोधनिबंध आला. त्यांनी सिंथेटिक कंट्रोल ही पद्धत वापरली. सोप्या भाषेत: ओरेगॉनसारखं दुसरं राज्य सापडत नाही ना, मग आपणच तयार करायचं. इतर राज्यांचं असं मिश्रण करायचं की कायदा येण्याआधीची त्याची मृत्यूंची रेषा ओरेगॉनच्या रेषेवर जवळजवळ बसेल. मग कायद्यानंतर खरा ओरेगॉन आणि हा कृत्रिम ओरेगॉन किती लांब जातात ते मोजायचं. उत्तर आलं: २०२१ मध्ये १८२ जादा मृत्यू, म्हणजे सुमारे २३ टक्के वाढ.

त्याच वर्षी ‘जामा सायकियाट्री’मध्ये दुसऱ्या गटाचा निबंध आला. पद्धत जवळपास तीच, उत्तर वेगळं: कायद्याचा आणि मृत्यूंचा संबंध आढळत नाही. पद्धत एक आणि उत्तरं दोन, असं झालं की नवा विद्यार्थी हादरतो. हादरू नका. मिश्रणात कोणती राज्यं घेतली, कोणता कालावधी धरला, तात्पुरती आकडेवारी घेतली की अंतिम, अशा निवडींनी उत्तर हलतं. कुठलाही अनुभवजन्य निबंध वाचताना निष्कर्षाआधी या निवडी वाचायची सवय लावून घ्या.

२०२४ मध्ये ‘जामा नेटवर्क ओपन’मध्ये तिसरा निबंध आला, आणि त्याने विचारलेला प्रश्न मला फार आवडतो: या काळात ओरेगॉनमध्ये आणखी काय बदललं? उत्तर होतं फेंटॅनिल. हा हेरॉइनहून कितीतरी पट तीव्र असलेला कृत्रिम पदार्थ अमेरिकेच्या पूर्वेकडे २०१३-१४ च्या सुमारास पसरला, पश्चिमेकडे बराच उशिरा. पोलिसांनी जप्त केलेल्या मालाच्या प्रयोगशाळा तपासण्यांमध्ये फेंटॅनिलचा वाटा किती, यावरून संशोधकांनी प्रत्येक राज्यात तो कधी पसरला ते काढलं. ओरेगॉनमध्ये ही उसळी आली २०२१ च्या पहिल्या सहामाहीत. म्हणजे कायदा आणि विष एकाच दारातून, जवळजवळ एकाच वेळी आत आले! फेंटॅनिलचा प्रसार हिशेबात धरल्यावर कायद्याचा मृत्यूंशी संबंध उरला नाही.

याला आपण पाठ्यपुस्तकात कन्फाउंडिंग म्हणतो आणि परीक्षेत चार ओळींत लिहून मोकळे होतो. इथे त्याच चार ओळींवर एका राज्याचं धोरण अवलंबून होतं. मात्र एक लक्षात ठेवा. तिसऱ्या निबंधाने ‘कायद्याने मृत्यू वाढवले’ हा दावा कमकुवत केला. ‘कायद्याने मृत्यू कमी केले’ हे त्याने दाखवलेलं नाही. बंदीविरोधकांच्या भाषणांत ही दोन वाक्यं सर्रास एकमेकांच्या जागी येतात.

पोर्तुगालबद्दल थोडक्यात. १ जुलै २००१ पासून तिथे दहा दिवसांच्या वापराइतका साठा बाळगणं हा गुन्हा नाही, प्रशासकीय चूक आहे. पोलिस त्या व्यक्तीला कोर्टाऐवजी एका छोट्या समितीपुढे पाठवतात. त्याच सुमारास मेथाडोन, सुया बदलून देण्याची केंद्रं आणि उपचार यांचाही विस्तार झाला. इंजेक्शनने नशा करणाऱ्यांमध्ये एचआयव्हीची नवी निदानं २००१ मध्ये वर्षाला हजाराच्या वर होती, ती पुढच्या दशकात दोन आकड्यांवर आली. घसरण एवढी मोठी आहे की ती नाकारता येत नाही. पण श्रेय कायद्याचं की सुयांचं? माझं मत: एकाचं श्रेय दुसऱ्यापासून तोडू नये, कारण अटकेच्या भीतीने माणूस सुई घ्यायलाच येत नाही. ओरेगॉनने कायदा आधी आणला आणि दवाखाने नंतर.

आता एक जुनी गोष्ट, आपल्याकडची. ब्रिटिश संसदेत प्रश्न विचारला गेला म्हणून १८९३ मध्ये ‘इंडियन हेम्प ड्रग्ज कमिशन’ नेमलं गेलं. आयोगाने मुंबई इलाख्यासह देशभरातून १,१९३ साक्षीदार तपासले. तेव्हा सर्वमान्य समज होता की गांजाने वेड लागतं, आणि पुरावाही होता: वेड्यांच्या इस्पितळांची नोंदवही, त्यात ‘कारण’ या रकान्यात ‘गांजा’. आयोगाने तो रकाना भरतं कोण, हे विचारलं. निघालं असं की बहुतेकदा पोलिसांनी पाठवलेल्या कागदावरून तो भरला जाई. ‘कारण माहीत नाही’ असं लिहिलेलं वरच्यांना आवडत नसे, आणि रुग्ण कधीतरी गांजा ओढत होता एवढं कळलं की काम भागे. १८९२ सालातली अशी २२२ प्रकरणं आयोगाने एकेक करून पुन्हा तपासली. त्यांतली ९८ टिकली, आणि त्यातही केवळ गांजा-भांगेशी जोडता येण्यासारखी ६१ च. शेवटी आयोगाने संपूर्ण बंदीच्या विरोधात, कर आणि परवान्यांच्या बाजूने कौल दिला.

आयोगाला महसुलात रस नव्हता असं समजायचं कारण नाही, सरकारला गांजावर कर मिळत होता. तरी रकाना कोण भरतो हा त्यांचा प्रश्न आजही तसाच लागू पडतो. राष्ट्रीय गुन्हे नोंदणी विभागाच्या अहवालात एनडीपीएसखालचे गुन्हे वाढले, म्हणजे नशा वाढली का? तो आकडा आधी पोलिसांची हालचाल मोजतो. मोहीम काढली की आकडा वाढतो, निवडणूक बंदोबस्त लागला की घटू शकतो. अहवालात वैयक्तिक वापरासाठी बाळगणं आणि तस्करी हे वेगवेगळे दिलेले असतात. निदान तेवढं तरी वेगळं काढा.

भारतात या विषयात पणाला काय लागलंय तेही बघू. १९८५ च्या एनडीपीएस कायद्यात शिक्षा मुख्यतः वजनावर ठरते. हेरॉइन ५ ग्रॅमपर्यंत ‘अल्प’, २५० ग्रॅमच्या वर ‘व्यापारी’ प्रमाण. व्यापारी प्रमाणाला किमान १० वर्षं सक्तमजुरी, आणि कलम ३७ मुळे जामीन जवळजवळ अशक्य. २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हीरा सिंग प्रकरणात स्पष्ट केलं की वजन भेसळीसकट धरायचं. म्हणजे भुकटीत हेरॉइन थोडं आणि बाकी भेसळ असली तरी तराजू सगळंच मोजतो. बंद बाजारात भेसळ ग्राहकाच्या हातात नसते, तिची शिक्षा मात्र त्याच्या वाट्याला येऊ शकते. याच कायद्यात भांग, म्हणजे बोंडं नसलेली नुसती पानं, ‘गांजा’च्या व्याख्येबाहेर आहे. एकाच झाडाच्या पानाला परवाना आणि बोंडाला तुरुंग. ही औषधशास्त्रीय रेषा कमी आणि सांस्कृतिक तडजोड जास्त आहे.

माझी बाजू आता लपलेली नाही. वापरासाठी तुरुंग नको, याला पुरावा पुरेसा आहे असं मला वाटतं. हेरॉइनचं दुकान उघडावं, हे मला पटत नाही. अमेरिकेतली ओपिऑइडची साथ एका कायदेशीर गोळीच्या जोरदार विक्रीतून वाढली. ऑक्सिकॉन्टिन १९९६ मध्ये बाजारात आली ती परवाना घेऊनच. २०१० मध्ये ती गोळी सहज कुटता येऊ नये अशी बदलली, तेव्हा बरेच लोक हेरॉइनकडे वळले असं अर्थशास्त्रज्ञांना आढळलं. हे उदाहरण दोन्ही बाजूंना चटके देतं, म्हणूनच ते दोन्ही बाजू अर्धंच सांगतात. तीच गत विषारी दारूची. ‘बंदी असते तिथे विषारी दारू येते’ म्हणावं, तर २०१५ मध्ये मालवणीत शंभराहून जास्त माणसं गेली ती मुंबईत, जिथे परवान्याची दारू कोपऱ्यावर मिळते. गरिबाला परवडत नसेल, तर कायदेशीर बाजारही त्याच्यापुरता बंदच असतो. म्हणजे कर किती, हा प्रश्न ‘बंदी की परवानगी’ याच्याइतकाच मोठा आहे.

आणि विषय शोधत असाल तर लांब जायला नको. चंद्रपुरात एप्रिल २०१५ मध्ये दारूबंदी आली आणि २०२१ मध्ये उठली. शेजारच्या गडचिरोलीत ती १९९३ पासून चालूच आहे. एकाच भागात एका जिल्ह्यात बंदी येते, जाते, आणि शेजारी ती जागेवर राहते, अशी रचना सहजी मिळत नाही. अडचणी दिसताहेतच: सहा वर्षांतलं शेवटचं वर्ष कोविडचं, आणि जिल्ह्याची सीमा ओलांडायला दुचाकी पुरते. सुरुवात पोलिसांच्या आकड्यांपासून करू नका. जिल्हा रुग्णालयाच्या नोंदी, अपघात, आणि सीमेलगतच्या परवानाधारक दुकानांची विक्री, हे मिळतंय का ते आधी बघा. माहितीच्या अधिकारातला अर्ज आराखडा लिहिण्याच्या आधीच टाका, उत्तर यायला वेळ लागतो.