गुढीची काठी आणि कुडाचे घर

आज चैत्र शुद्ध प्रतिपदा. सूर्योदयाबरोबर दारोदारी गुढ्या उभ्या राहिल्या असतील. रेशमी वस्त्र, कडुनिंबाचा डहाळा, साखरेची माळ आणि वर उपडा ठेवलेला कलश, या साऱ्यांकडे आपले लक्ष जाते. ज्या काठीच्या आधाराने हे वैभव उभे असते, तिच्याकडे मात्र सहसा कोणी पाहत नाही. महाभारताच्या आदिपर्वात उपरिचर वसू राजाची कथा आहे. इंद्राने त्याला वेळूची काठी दिली आणि राजाने ती जमिनीत रोवून तिची पूजा केली. गुढीचे मूळ या कथेत शोधण्याची परंपरा आहे. तेव्हा आज थोडे वेळूविषयीच बोलावे, असे आम्हांस वाटले. आणि तेही उत्तर कोकणातील डहाणू-तलासरी या दोन तालुक्यांच्या निमित्ताने.

आजपासून पंधरा दिवसांनी, चैत्री पौर्णिमेला, डहाणूजवळच्या विवळवेढे येथे श्रीमहालक्ष्मीची यात्रा भरेल. महाराष्ट्रातून आणि गुजरातेतून भाविक येतील. त्यांतील बहुतेक जण महामार्गावरूनच परततात. जरा आत पाड्यांकडे वळल्यास वारली बांधवांची जुन्या धाटणीची घरे अजूनही काही ठिकाणी दृष्टीस पडतात. लाकडी मेढी, वर बांबूचे वासे आणि मेढींच्या मध्ये कारवीच्या काठ्यांचा वा बांबूच्या कामट्यांचा कूड. त्यावर माती व शेण यांचे लिंपण. याच भिंतीवर, लग्नाच्या वेळी, सवाष्णी तांदळाच्या पिठाने देवचौक लिहितात आणि चौकात पालघाट देवी विराजमान होते. गंजाडचे जिव्या सोमा मशे यांनी ही चित्रकला जगापुढे नेली. २०११ साली त्यांना पद्मश्री मिळाली आणि २०१८ साली ते निवर्तले. चित्रे आता कागदावर आणि कापडावर दूरदेशी जातात. ज्या कुडावर ती जन्मली, तो कूड मात्र मागे पडत चालला आहे. कुडाचे घर म्हणजे दारिद्र्य आणि विटांचे घर म्हणजे प्रतिष्ठा, असा हिशेब आपण शहरवासीयांनीच रूढ केला. घरकुलाची आस धरणाऱ्या आदिवासीला त्याबद्दल दोष देता येणार नाही.

परंतु २०१८ च्या नोव्हेंबरपासून या भूमीने वेगळाच प्रश्न उपस्थित केला. डहाणू व तलासरी तालुक्यांत, विशेषतः धुंदलवाडीच्या परिसरात, धरणीकंपाचे लहान लहान धक्के बसू लागले. एक मोठा धक्का बसून थांबावे, तसे ते थांबले नाहीत. दिवसांमागून दिवस ते येतच राहिले. १ फेब्रुवारी २०१९ रोजी ४.१ तीव्रतेचा धक्का बसला. त्या दिवशीच्या धावपळीत हळदपाडा येथे पडून दोन वर्षांची एक बालिका दगावली. घरांना तडे गेले. ऐन थंडीत माणसे लेकराबाळांसह बाहेर, तंबूंत निजू लागली. ज्या छपराने रक्षण करावे त्याचेच भय वाटावे, याहून मोठी विपत्ती संसारी माणसाला कोणती?

येथे आम्हांस १९९३ चे स्मरण होते. अनंत चतुर्दशीला गणरायांचे विसर्जन करून माणसे थकून झोपली आणि ३० सप्टेंबरच्या पहाटे किल्लारीची भूमी हादरली. सुमारे आठ हजार जीव गेले. माती-दगडांच्या जाडजूड भिंती आणि माळवदाचे जड छप्पर अंगावर कोसळले, हे त्या संहाराचे प्रमुख कारण होते. भूकंपाचा न्याय असा आहे की घर जितके जड, तितका त्यावरील आघात मोठा. विटांच्या भिंतींना कोपऱ्यांशी आणि दारा-खिडक्यांच्या माथ्यावर पोलादी सळ्यांचे काँक्रीट पट्टे नसले, तर ती भिंत हिसक्यासरशी फाटते. कूड हलका असतो. तो डोलतो, करकरतो, लिंपणाचे पोपडे सोडतो. पण एकदम अंगावर येत नाही.

आसामात १८९७ च्या महाभूकंपानंतर लाकडी चौकट आणि बोरूसारख्या इकरा गवताच्या भिंती यांची घरे रूढ झाली, त्यामागे हाच अनुभव होता. दक्षिण अमेरिकेतील कोलंबिया देशात १९९९ साली आर्मेनिया शहराच्या परिसरात भूकंप झाला, तेव्हा बांबूच्या चौकटीवर गिलावा केलेली अनेक घरे तगली. पुढे तेथील बांधकामाच्या नियमांत त्या पद्धतीस स्थान मिळाले. मात्र त्याच भूकंपात ज्या घरांतला बांबू किडलेला वा कुजलेला होता, ती घरे पडली. बांबूची भलावण करणाऱ्यांनी हा दुसरा भाग सांगण्यास विसरू नये.

वेळू हे वनस्पतिशास्त्रानुसार गवत होय. एका पावसाळ्यात तो आपली पूर्ण उंची गाठतो. परंतु त्याच्या अंगी बळ येण्यास तीन-चार वर्षे लागतात. कोवळा बांबू घरात घालणे म्हणजे वाळवीला आमंत्रण. कांडे पोकळ आणि पेराशी गाठ, या रचनेमुळे तो हलका असूनही ताण उत्तम सोसतो. पण तो उभा चिरतो, ऊन-पावसाने खंगतो आणि आगीला भितो. त्यातील पिष्टावर भुंगेरे टपलेलेच असतात. म्हणून जुनी माणसे पावसाळा सरल्यावर, अंधाऱ्या पंधरवड्यात, बेटातील जून काठ्या निवडून तोडीत आणि त्या वाहत्या पाण्यात बुडवून ठेवीत. पाण्याने त्यातील पिष्ट व शर्करा निघून जाते, हे त्यांनी अनुभवाने जाणले होते. आता याच कामी टाकणखार आणि बोरिक आम्ल यांचे द्रावण वापरतात. मुलांच्या औषधासाठी आजीच्या बटव्यात असणारा तो टाकणखार घराच्याही उपयोगी पडावा, याचे आम्हांस कौतुक वाटते. हे द्रावण पावसाने धुपते, म्हणून काठीवर थेट पाणी पडता कामा नये. दगडी वा काँक्रीटचे उंच जोते, पुढे आलेली लांब वळचण, आणि मेढी-वासे सुतळीने बांधण्याऐवजी बोल्टने जखडून त्या कांड्यात भरलेला सिमेंटचा गारा, एवढे केले तर बांबूचे घर दीर्घकाळ टिकते.

हा केवळ आमचा भाबडेपणा नव्हे. बांबूच्या बांधकामासाठी भारतीय मानक १५९१२ उपलब्ध आहे आणि २०१६ च्या राष्ट्रीय इमारत संहितेतही बांबूस स्वतंत्र विभाग आहे. १९२७ च्या वन कायद्याने बांबू वृक्षांत गणला होता. त्यामुळे स्वतःच्या बांधावरचा बांबू तोडून नेतानाही शेतकऱ्यास कटकट होई. २०१७ च्या दुरुस्तीने वनक्षेत्राबाहेरील बांबूपुरती ती अडचण दूर झाली. आमच्या मते उणीव आहे ती गावोगावी काठी निवडणारा, मुरविणारा आणि सांधा नीट बसविणारा कारागीर घडविण्याची. आणि बांबूच्या घरास ‘कच्चे’ म्हणून नाक मुरडण्याची सवय सोडण्याची.

आपल्याकडे बांबू चुलीत घालीत नाहीत. वेळूस ‘वंश’ म्हणतात, तो जाळल्यास वंश जळतो, अशी श्रद्धा आहे. बंद कांड्यातील हवा तापून तो धडाक्याने फुटतो, हेही कारण असावे. मुलाच्या मुंजीचा मांडव, सवाष्णीचे वाणाचे सूप, श्रीकृष्णाची मुरली आणि शेवटच्या प्रवासाची तिरडी, सर्वत्र तोच. वारल्यांच्या तारप्यातही भोपळ्याला बांबूच्याच नळ्या जोडलेल्या असतात.

आज सायंकाळी हळद-कुंकू वाहून गुढी उतरवाल, तेव्हा काठीच्या बुंध्याशी एकदा निरखून पाहा. टाचणीच्या टोकाएवढी छिद्रे आणि खाली पिठासारखी पिवळसर भुकटी दिसली, तर भुंगेऱ्यांनी आत घर केले आहे असे समजावे. अशी काठी माळ्यावरच्या लाकूडसामानाशेजारी ठेवू नये. न दिसली, तर ती कोरड्या, हवेशीर जागी आडवी ठेवावी. पुढच्या पाडव्याला तीच उपयोगी पडेल.