बाळाची पहिली पेज आणि मोडाची नाचणी

सहा महिने पूर्ण झाल्यावर केवळ आईच्या दुधाने बाळाची ऊर्जेची व लोहाची गरज भागत नाही. म्हणून स्तनपान चालू ठेवून मऊ पूरक आहार सुरू करावा, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. घरोघरी या आहाराचा प्रारंभ बहुधा पेजेने होतो आणि अडचणही तेथेच उद्भवते. शिजताना पिठातील पिष्टकण फुगून पेज घट्ट होते. बाळाला गिळता यावी म्हणून तीत पाणी वाढवले जाते. इवलेसे पोट भरते खरे, परंतु त्यात पीठ थोडे आणि पाणीच फार असते.

म्हैसूर येथे १९५० मध्ये स्थापन झालेल्या केंद्रीय अन्न तंत्रज्ञान संशोधन संस्थेतील एन. जी. मल्लेशी व एच. एस. आर. देसिकाचार यांनी यावर नाचणीतूनच उपाय शोधला. मोड आणलेली नाचणी व मूग यांपासून तयार केलेल्या शिशुआहारावरील त्यांचे संशोधन १९८२ मध्ये प्रसिद्ध झाले. मोड येताना दाण्यात अमायलेज हे विकर तयार होते. पेज तापू लागताच ते पिष्टाचे विघटन करते; त्यामुळे तितक्याच पातळ पेजेत अधिक पीठ सामावते.

घरी हे करताना नाचणी निवडून, धुऊन रात्रभर भिजवावी व ओलसर कापडात दोन दिवस मोड येऊ द्यावेत. बुरशी दिसल्यास ती टाकून द्यावी. मोडाची नाचणी कडकडीत वाळवून, मोड चोळून काढावेत आणि मंद आचेवर हलकेच भाजावी. खरपूस भाजल्यास विकर नष्ट होते व सारा खटाटोप वाया जातो. पीठ थंड पाण्यात कालवून, सावकाश तापवून नीट शिजवावे. आरंभी दोन-तीन चमचे पेज पुरेशी होते.

साठवणीकडेही तितकेच लक्ष हवे. अख्खी नाचणी तिच्या बारीक दाण्यामुळे सहसा किडत नाही. दळताच हे संरक्षण संपते. तांबडे भुंगेरे पिठावर पोसतात. त्यांच्या शरीरातून स्रवणाऱ्या क्विनोन द्रव्यांमुळे पिठाला उग्र वास येतो. किडे चाळून काढले तरी हा स्राव पिठात उरतो. असे पीठ बाळाला देऊ नये. मुगातील छिद्र पडलेले दाणेही आधीच वेचून काढावेत. मोड आणून वाळवलेली नाचणी दाण्याच्या रूपात हवाबंद डब्यात ठेवून, आठवड्यापुरतीच दळणे हिताचे.