स्वीडनची काकेलुंग्न आणि तिची झडप

अठराव्या शतकातील स्वीडनमध्ये लोणारी कोळशावर चालणाऱ्या लोखंडाच्या भट्ट्या आणि दीर्घ हिवाळ्यातील घरगुती जळण यांमुळे लाकडाची टंचाई भासू लागली होती, आणि तत्कालीन शेगड्यांतील बहुतेक उष्णता धुरासोबत निसटून जात असे. त्यावर उपाय म्हणून कार्ल योहान क्रोनस्टेट आणि फाबियान व्रेदे यांनी १७६७ मध्ये काकेलुंग्न, म्हणजे झिलईदार फरशांनी मढवलेली विटांची उंच शेगडी, नव्याने रचली. तिच्यात तप्त वायू विटांच्या उभ्या मार्गांतून वर-खाली फिरून, उष्णता विटांना देऊन मगच धुराड्यात शिरतात.

तप्त वायू बाहेरच्या हवेपेक्षा हलके असल्याने वर चढतात आणि त्यांच्या जागी खालून नवी हवा येते; हीच धुराड्याची ओढ, आणि तिला आवर घालणारी झडप म्हणजे डॅम्पर. ओतीव लोखंडाच्या शेगडीत उष्णता फारशी साठत नाही, त्यामुळे ऊब रात्रभर पुरावी म्हणून हवा कोंडून आग धुमसत ठेवण्याचा मोह होतो. परंतु लाकडाच्या उष्णतेचा मोठा वाटा त्यातून निघणाऱ्या वायूंच्या ज्वलनातून मिळतो. हवा अपुरी पडली की ते न जळताच वर जातात, धुराड्याच्या थंड भिंतींवर त्यांचा डांबरासारखा थर चढतो आणि पुढे तोच पेट घेऊ शकतो.

काकेलुंग्नची थोरवी अशी की तिने आग आणि ऊब यांची वेळच वेगळी केली. सुके, बारीक फोडलेले लाकूड झडप पूर्ण उघडी ठेवून भरपूर हवेत झपाट्याने जाळायचे, आणि नंतर झडप लावायची. ती उघडी राहिली, तर खोलीतील हवा शेगडीतून वर खेचली जाऊन तापलेल्या विटा निववते. लावलेल्या झडपेमागे मात्र त्या कित्येक तास मंद ऊब देत राहतात.

झडप लावण्याची वेळ ओळखणे हेच या शेगडीचे सर्वांत जोखमीचे काम होय. निखाऱ्यांवर निळसर ज्योत खेळत असेल, तर तेथे कार्बन मोनॉक्साइड जळत असतो. झडप लवकर मिटल्यास रंग आणि गंध नसलेला हा विषारी वायू खोलीत पसरून झोपलेल्यांचा जीव घेऊ शकतो. निळी ज्योत विझल्यानंतरही जिवंत निखारे तो सोडतच असतात, म्हणून थोडी ऊब वाया गेली तरी निखारे पुरते विझेपर्यंत झडप उघडी ठेवणेच योग्य.

विसाव्या शतकात मध्यवर्ती तापनव्यवस्थेमुळे अनेक काकेलुंग्न थंड पडल्या आणि १९७३ च्या तेलसंकटानंतर त्यांच्याकडे पुन्हा लक्ष गेले. वर्षानुवर्षे न वापरलेल्या शेगडीत विटांचे सांधे उकललेले असू शकतात, आणि त्या भेगांतून झडप उघडी असतानाही वायू खोलीत झिरपतो. म्हणून ती पुन्हा पेटवण्यापूर्वी धुराडे साफ करणाऱ्या जाणकाराकडून आतील मार्ग तपासून घ्यावे लागतात.