वेगाला लागणारा वेळ

एकोणीस वर्षांचा पोरगा ताशी 140 किलोमीटरने चेंडू टाकू लागला की सगळ्यांचे डोळे त्याच्या वेगावर खिळतात. लक्ष ठेवायला हवं त्याच्या कमरेवर. पुढचा पाय क्रीझमध्ये आपटतो तेव्हा शरीराच्या वजनाच्या कितीतरी पट भार वर चढतो आणि नेमकी त्याच वेळी पाठ वाकलेली, पिळलेली असते. मणक्याचं हाड पक्कं व्हायला पंचविशी उजाडते. त्याआधी षटकांचा अतिरेक झाला की बारीक तडा जातो, तेच स्ट्रेस फ्रॅक्चर. त्रिनिदादचा वेगवान गोलंदाज इयान बिशप याने पहिले 100 बळी अवघ्या 21 कसोटींत घेतले. पाठीने पुन्हा पुन्हा दगा दिला आणि 43 कसोटींत 161 बळींवर सगळं थांबलं. माझ्या पिढीला ती हळहळ अजून आहे.

वेस्ट इंडीजचा सुवर्णकाळ आठवला की आपण बार्बाडोसचे किनारे आणि टणक खेळपट्ट्या आठवतो. पण अँडी रॉबर्ट्स आणि माल्कम मार्शल इंग्लंडच्या हॅम्पशायर काउंटीकडून, जोएल गार्नर सॉमरसेटकडून खेळून घडले. काउंटीचं वेळापत्रक शरीराला पिळून काढणारं, तरी रोजच्या रोज शिकवणारं होतं. ढगाळ हवेत चेंडू कुठे टाकायचा, थकलेल्या पायांनी तिसरा स्पेल कसा टाकायचा, हे तिथेच कळायचं आणि पगारही मिळायचा. 1982च्या एका मोसमात मार्शलने काउंटी चॅम्पियनशिपमध्ये 134 बळी घेतले. पुढे परदेशी खेळाडूंवरची मर्यादा कडक झाली आणि ही शाळा बहुतेक कॅरिबियन पोरांना बंद झाली.

ती जागा घरच्या घरी भरून काढण्याचा गंभीर प्रयत्न वेस्ट इंडीज विद्यापीठाने केला. बार्बाडोसमधल्या केव्ह हिल इथे विद्यापीठाचं स्वतःचं मैदान आहे, थ्री डब्ल्यूज ओव्हल. नावातले तीन ‘डब्ल्यू’ म्हणजे वॉरेल, वॉलकॉट आणि वीक्स, तिघेही तिथेच विसावले आहेत. फ्रँक वॉरेल निवृत्तीनंतर विद्यापीठाच्याच सेवेत होते.

विद्यापीठ आणि महाविद्यालयांचा संयुक्त संघ, कम्बाइन्ड कॅम्पसेस अँड कॉलेजेस, 2008च्या सुमारास प्रादेशिक प्रथम श्रेणी स्पर्धेत उतरला. तरुण गोलंदाजाला इथे जिम, प्रशिक्षक आणि पदवी यांचा आधार मिळतो. पाठीने साथ सोडली तर पुढे काय, या भीतीने कॅरिबियन आईवडील मुलाला नोकरीकडे वळवतात. पदवी हातात असेल तर तेच आईवडील आणखी तीन वर्षं थांबायला तयार होतात.

बार्बाडोसचा कार्लोस ब्रेथवेट याच संघातून प्रथम श्रेणी क्रिकेटमध्ये आला. 2016च्या टी-20 विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात ईडन गार्डन्सवर शेवटच्या षटकात 19 धावा हव्या असताना त्याने बेन स्टोक्सला सलग चार षटकार मारले, हे सगळ्यांना पाठ आहे. त्याच सामन्यात त्याने 23 धावांत 3 बळी घेतले होते, त्याची आठवण कोणी काढत नाही. हे नाव लक्षात ठेवा, असं माइकवर ओरडून सांगणारा समालोचक होता इयान बिशप. गोलंदाज म्हणून ब्रेथवेट कसोटीत मात्र रुजला नाही. संघाच्या गरजेने त्याला मर्यादित षटकांच्या सामन्यांकडे ओढलं. चारदिवसीय सामन्यांत तो पुरेसा मुरलाच नाही, असं मला वाटतं.

याला वेस्ट इंडीज क्रिकेट मंडळाची धोरणंही कारणीभूत आहेत. 2014मध्ये सहा फ्रँचायझींची व्यावसायिक लीग सुरू झाली आणि विद्यापीठ संघ चारदिवसीय स्पर्धेतून बाहेर पडला. उरली ती फक्त एकदिवसीय स्पर्धा. तीही या संघाने 2018मध्ये गयानाला हरवून जिंकली. तरी चारदिवसीय स्पर्धेत परतायला 2024 उजाडावं लागलं.

वेगवान गोलंदाज चार दिवसांच्या सामन्यातच घडतो. दुसऱ्या डावात चेंडू जुना, ऊन तापलेलं आणि फलंदाज स्थिरावलेला, अशा वेळी पुन्हा रनअप घ्यायचा असतो. मधली जवळपास दहा वर्षं विद्यापीठातल्या पोरांना ही संधीच नव्हती. आज तिथे विशीतला जो कोणी नवा चेंडू हातात घेत असेल, त्याला सलग चार-पाच मोसम मिळायला हवेत. दर दोन-तीन वर्षांनी स्पर्धेचा आराखडा बदलायची मंडळाची जुनी सवय इथे सगळ्यात महाग पडते, कारण त्या पोराच्या मणक्याला दुसरी पंचविशी मिळत नाही.